रॅम्प मागायला जाताना गळ्यात टेप असू द्या

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म, लग्नसराईत फॉल-पिको. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात कॅलिपर आणि डाव्या काखेत कुबडी. मापात मला कोणी फसवणार नाही असा तीस वर्षांचा तोरा होता. तो आमच्या ग्रामपंचायतीच्या रॅम्पने एका सकाळीत उतरवला.

३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. पंचायतीपुढे मांडव, नारळ, हार, नव्या रॅम्पचं उद्घाटन. आदल्या संध्याकाळी शिपाई सांगून गेला होता, "अक्का, पहिलं तुम्हीच चढायचं." आरोग्य केंद्रातून व्हीलचेअर मागवून ठेवली होती, कुबडीवरच्या बाईपेक्षा व्हीलचेअरमधली बाई फोटोत शोभून दिसते. बसले. ऑफिसचं जोतं दीड फूट उंच आणि रॅम्प पाच फूट लांब. मागून दोघं ढकलतायत, पुढून दोघं ओढतायत, आणि मध्यावर पुढची चाकं उचलली गेली. मला थेट आभाळ दिसलं. मागच्या पोराने पाठ धरली म्हणून वाचले. फोटो मात्र छान आलाय, त्यात मी हसतेय असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी टेप घेऊन गेले. अठरा इंच चढायला साठ इंचांचा उतार. लागतो दोनशे सोळा इंचांचा. नऊवारी मागितली आणि हातात रुमाल ठेवला, तसली गत.

पुढच्या दोन वर्षांत तो रॅम्प फुटला, नवा झाला, संडास झाला, ग्रामसभेची जागाही बदलली. मोर्चा नाही, उपोषण नाही. गाव सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं, एवढंच सांगते. ज्यांनी चूक केली त्यांनीच ती पुढे दुरुस्त केली, मग नाव कशाला घ्या. काय केलं ते मात्र बारकाईने लिहिते, म्हणजे तुमच्या गावात तुम्हाला दोन वर्षं लागायची नाहीत.

आधी माप

"दिव्यांगांची सोय करावी ही नम्र विनंती" असा अर्ज दिला की उत्तर ठरलेलं असतं: "करू की अक्का." आणि करतात ते असं करतात. म्हणून अर्जाच्या आधी माप घ्या. टेप, खडू, वही आणि फोटो काढायला एक पोरगं, एवढं पुरतं.

सगळ्यात पहिली जमिनीपासून उंबऱ्यापर्यंतची उभी उंची. पायऱ्या मोजून बेरीज करू नका, गावाकडच्या पायऱ्या कधी सारख्या नसतात. आमच्याकडची खालची पाच इंचांची, वरची साडेसात. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, ती मागून घ्या. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येतं, त्यावरून खरी उंची कळते.

मग हे लक्षात ठेवा: जेवढे इंच उंची, तेवढे फूट रॅम्प. सरकारी भाषेत याला एकास बारा उतार म्हणतात. एका फुटात बारा इंच, म्हणून हिशेब इतका सोपा. जोतं अठरा इंच, तर रॅम्प अठरा फूट. जोतं तीन फूट, तर रॅम्प छत्तीस फूट. हे सगळ्यात जास्त उताराचं माप आहे, याहून लांब आणि निवांत असेल तर उत्तमच. कोणी म्हणालं, "एवढी जागा कुठंय?" तर रॅम्प वळवता येतो. आमच्या फाटकापर्यंत चौदाच फूट होते. भिंतीकडेने दहा फूट, मध्ये पाच बाय पाचचा सपाट टप्पा, मग वळून आठ फूट, असा बसला. एका सलग पट्ट्याची लांबी ९ मीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकोणतीस फुटांच्या वर न्यायची नाही, मध्ये सपाट टप्पा द्यायचाच. हात भरून येतात हो.

त्यानंतर दाराची रुंदी. चौकटीची मोजू नका, दार पूर्ण उघडल्यावर जी मोकळी जागा उरते ती मोजा. ९०० मिलिमीटर हवी, आपल्या भाषेत तीन फूट. शटर किंवा ओढायचं लोखंडी चॅनेल गेट असेल तर त्याची खालची पट्टी जमिनीपासून किती वर आहे तेही लिहा. दोन इंचांची पट्टी चालणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकाला ती भिंत असते. शेवटी, रॅम्पचं तोंड जिथे येणार तिथे काय आहे ते बघा. आमच्या पहिल्या रॅम्पच्या तोंडाशी गटाराची जाळी होती, कुबडीचं टोक बरोबर बसेल एवढ्या भोकांची.

प्रत्येक मापाचा फोटो काढा, टेपवरचे आकडे दिसतील असा. शंभर शब्दांच्या तक्रारीला साहेब उत्तर देतात, टेपच्या फोटोला देत नाहीत. बघतात आणि गप्प होतात.

कायदा किती पाठ करायचा

थोडाच. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६, लागू १९ एप्रिल २०१७ पासून, एकवीस प्रकारची दिव्यांगता त्यात धरलेली आहे. कलम ४४ सांगतं की सोयीचे निकष पाळले नसतील तर नव्या इमारतीला बांधकाम परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी: नियम निघाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम करायच्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. "बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगायचं.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात म्हटलं, की केंद्राच्या नियमातला सुगम्यतेचा भाग नुसता मार्गदर्शक ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, किमान निकष सक्तीचे असलेच पाहिजेत. "हे फक्त मार्गदर्शक आहे" असं तोंडावर फेकणारा इंजिनिअर भेटला तर हा निकाल उपयोगी पडतो. मला भेटला होता.

मापं कुठून आणायची? राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, लोक तिला युनिफाइड डीसीआर म्हणतात. तिच्या तेराव्या प्रकरणात अडथळाविरहित प्रवेशाची मापं आहेत. तेवढी पानं काढून घ्या, आणि अर्जाला जोडा. माझी प्रत आता शिवणाच्या तेलाने पिवळी झाली आहे.

पायऱ्या कुठल्या निधीतून बांधल्या?

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आधी हे ३ टक्के होते, २०१८ मध्ये ५ झाले. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजारकर वगैरे. सरकारकडून आलेलं अनुदान त्यात धरत नाहीत. जसे मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला-बालकल्याणासाठी १० टक्के, तसे हे ५. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदेलाही हाच नियम.

हिशेब बघायचा तर नमुना १ मागा. ते पंचायतीचं अंदाजपत्रक. स्वउत्पन्न आठ लाख असेल तर दिव्यांगांचे चाळीस हजार दिसायला हवेत. दिसले, तर मागच्या तीन वर्षांत त्यातले खरे किती खर्च झाले ते विचारा. तोंडी सांगितलं नाही तर माहिती अधिकारात विचारा: जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, म्हणून निधी आणि रॅम्प एका अर्जात कोंबू नका. माझा पहिला अर्ज त्यावरच परत आला. आमच्या पंचायतीचं उत्तर आलं तेव्हा कळलं, एका वर्षी काहीच नाही आणि एका वर्षी स्टीलचे डबे. मलाही मिळाला होता एक. त्यात मी बटणं ठेवते.

आता माझं एक मत. ते सगळ्यांना पटत नाही, आमच्या तालुक्यातल्या दिव्यांग संघटनेच्या दादांनाही नाही. ऑफिसच्या रॅम्पला या ५ टक्क्यांतला पैसा घालू देऊ नका. पंचायत आधी तेच सुचवते: "तुमच्याच निधीतून करू." ग्रामसभेत मी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारलं, "भाऊसाहेब, पुढच्या पायऱ्या कुठल्या निधीतून बांधल्या?" ते म्हणाले, "बिल्डिंगच्या." "मग रॅम्प बिल्डिंगचा नाही का?" पायऱ्या चालणाऱ्यांच्या निधीतून बांधल्या नव्हत्या. आत जायची वाट इमारतीच्या खर्चात येते. ते ५ टक्के माणसांसाठी राहू द्यात: कुणाची सायकल, कुणाचं श्रवणयंत्र, कुणाचं औषध.

मग पैसा कुठून? इमारत नवी असेल तर तिच्याच अंदाजपत्रकातून. जुनी असेल तर वित्त आयोगाच्या पैशातून. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठी. संडासाचं काम त्यात बसतं. अबंधित ४० टक्क्यांत रॅम्प. पण त्यासाठी काम गावाच्या विकास आराखड्यात आलेलं असलं पाहिजे, आणि आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. फेब्रुवारीत जाऊन रॅम्प मागणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री ब्लाउज शिवायला टाकणं. गौरी-गणपती उठले की अर्ज गेला पाहिजे.

अर्ज असा लिहिला

माझा दुसरा अर्ज, जो चालला, तो जवळपास असा होता:

*प्रति, मा. सरपंच व मा. ग्रामपंचायत अधिकारी.*
*विषय: कार्यालयाचा सध्याचा रॅम्प काढून नियमाप्रमाणे नवीन करणे व हे काम विकास आराखड्यात घेणे.*
*कार्यालयाचे जोते जमिनीपासून १८ इंच आहे. सध्याचा रॅम्प ५ फूट लांब आहे. एकास बारा उताराने १८ फूट लागतो. कठडा नाही. पृष्ठभाग गुळगुळीत आहे. रॅम्पच्या तोंडाशी गटाराची जाळी आहे. मापांचे फोटो ६, नियमावलीची पाने व जागेचा हाताने काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. दि. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा व झालेल्या निर्णयाची लेखी प्रत मला द्यावी.*

बस. आपलं दुःख त्यात घालायचं नाही. पहिल्या अर्जात मी दीड पान दुःख लिहिलं होतं. भाऊसाहेबांचे डोळे पाणावले आणि अर्ज फायलीत गेला.

दोन प्रती न्या. एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का, सही घ्या. "ठेवा की इथं" म्हणाले तर हसून उभं राहायचं. पोच घेतल्याशिवाय वळायचं नाही. आणि शब्दांवरून हटून बसू नका. मी बोलताना अपंगच म्हणते, तो शब्द माझ्या अंगवळणी पडलाय, पण कागदावर दिव्यांग लिहिते. तसं लिहिलं की कागद बरोबर टेबलावर जातो. एक सांगते, व्यक्तिगत लाभ हवा असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड लागतं. रॅम्प मागायला कुठलंच कार्ड लागत नाही. गुडघे दुखणारी सासूबाईसुद्धा अर्ज करू शकते, आणि तिने केलेला बरा. गावात तिचं ऐकतात.

सातव्या पायरीवरची ग्रामसभा

आमची ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरायची. सात पायऱ्या. त्या २ ऑक्टोबरला मी वर गेलेच नाही. पायथ्याशी, चपलांच्या शेजारी, घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते, लागतात. त्यामुळे सह्यांसाठी शिपाई रजिस्टर घेऊन माणसं गोळा करत फिरत असतो. मला म्हणाला, "अक्का, वर या, सही करा." मी म्हटलं, "रजिस्टर खाली येतंय का बघ, माझं पाऊल तर वर येत नाही."

रजिस्टर आलं. मग माइकही खाली आला, वायर ओढत ओढत. वरून लोक वाकून बघायला लागले. तेवढ्यात आमच्या आळीतले एक तात्या, ऐंशीच्या पुढचे, कठड्याला धरून निम्म्यात उभे होते, ते तिथूनच ओरडले, "मी पण खालीच बसतो, तिच्यायला, दर वेळी गुडघ्याची वाट लागते." त्यांच्यामागोमाग तिघी बायका उतरल्या. पुढची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली, अजून तिथेच होते. खरं तर याचा ठराव झालाच नाही, नुसतं झालं.

रॅम्पचा ठराव मात्र लिहून घ्यायचाच. ग्रामसभेत टाळ्या पडल्या म्हणजे काम झालं असं नाही. "प्रोसिडिंगला घ्या" असं स्पष्ट म्हणा, आणि मापासकट वाचून दाखवायला लावा. नुसतं "रॅम्प करणे" लिहिलं तर परत पाच फुटांचा येईल. "१८ फूट, एकास बारा, दोन्ही बाजूंना कठडा" एवढे शब्द प्रोसिडिंगला गेले पाहिजेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे विषय आधी मांडून ठेवला तर फार सोपं जातं. बायकांना रॅम्पचं महत्त्व पटवावं लागत नाही. पोटुशी बाई, कडेवरचं पोर, हातातली घागर, त्यांनी सगळं केलेलं असतं.

सिमेंट ओलं असताना

खरी लढाई इथे असते, आणि ती दोनच दिवसांची असते. पंचायत समितीच्या बांधकाम विभागातला शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता होते, ठेकेदार येतो. ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तिकेवर निघतं, तिला सगळे एमबी म्हणतात. बिल निघालं की ठेकेदार तुमचा फोन उचलत नाही. म्हणून अंदाजपत्रकाची प्रत आधीच मागून घ्या आणि काम सुरू होईल त्या दिवशी दुकान बंद ठेवून तिथे जाऊन बसा. मी चहाचा थर्मास नेला होता. गवंडीमामांना चहा दिला की ओळंबा सरळ लागतो, हा माझा अनुभव.

गवंडीमामा चांगले होते, पण हाताला सवय घोटायची. सिमेंट घोटून आरशासारखं केलं की त्यांना काम झाल्यासारखं वाटतं. माझ्या कुबडीच्या रबराला पावसाळ्यात तसल्या घोटाईवर काही धरायलाच मिळत नाही. मी म्हटलं, "मामा, ओलं आहे तोवर खराटा फिरवा आडवा." त्यांना वाटलं मी काम बिघडवायला सांगतेय. शेवटी मीच खाली बसून एका कोपऱ्यात खराट्याने आडव्या रेघा ओढून दाखवल्या आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पाणी रेघांतून बाजूला गेलं. मग त्यांनी सगळा रॅम्प तसा केला, वर म्हणाले, "गोठ्यात असंच करतो की आम्ही, म्हस घसरू नये म्हणून." म्हशीला जी अक्कल लावली ती माणसाला लावायला आठ महिने गेले.

कठडा दोन्ही बाजूंना का, हे मला प्रत्येकाला समजवावं लागलं. डाव्या काखेत कुबडी, म्हणून माझा मोकळा हात उजवा. चढताना उजवा हात भिंतीकडे येतो. उतरताना तोंड फिरलं की तोच उजवा हात बाहेरच्या बाजूला येतो. एकाच बाजूला कठडा असेल तर मी ऑफिसात जाईन, पण परत येऊ शकणार नाही. हे शाखा अभियंत्याला मी चालून दाखवलं तेव्हा कुठे पटलं. कठड्याची उंची ८०० मिलिमीटर, साडेएकतीस इंच. भिंतीपासून दोन इंच लांब, नाहीतर बोटं खरचटतात. आणि रॅम्प संपल्यावरही दोन्ही टोकांना एक फूट पुढे आलेला हवा; पाय सपाटीवर पडेपर्यंत हाताला आधार लागतो. हे ३०० मिलिमीटर ठेकेदार सगळ्यात आधी कापतो, पाइप वाचतो त्याचा.

रुंदीला नियमावलीत १८०० मिलिमीटर आहेत, सहा फुटांना थोडे कमी. नव्या इमारतीत ते सोडू नका. जुन्या अडचणीच्या जागेत आम्ही चार फुटांवर तडजोड केली, त्याखाली उतरले नाही. उघड्या कडेला बोटभर उंच काठ करून घ्या, चाक घसरून बाहेर जात नाही.

नव्या रॅम्पवरून पहिल्यांदा कोण गेलं? मी नाही. आरओ प्लँटचे पाण्याचे जार, ढकलगाडीवरून.

संडास आणि टीसीएल

दिव्यांगांचा संडास पुष्कळ ठिकाणी असतो. त्याला कुलूप असतं, आणि आत टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची पोती, खराटे, निवडणुकीचे जुने फळे. बांधताना दोन गोष्टी बघा, बाकीचं पुढे सुधारता येतं. दार बाहेर उघडलं पाहिजे; आत उघडणारं दार व्हीलचेअर आत गेल्यावर लागतच नाही, आणि आत कोणी पडलं तर बाहेरून ढकलताही येत नाही. आणि खोली किमान १५०० बाय १७५० मिलिमीटर, म्हणजे पाच बाय पावणेसहा फूट. कमोडची बैठक साधारण वीस इंचांवर, बाजूला धरायला पक्का पाइप. पाइपावर आपला सगळा भार टाकून बघा, भिंतीतून निघाला तर बिल निघायच्या आधी निघू द्या.

रॅम्पने ज्यांचं भागत नाही

भजनी मंडळातले आमचे आबा आंधळे आहेत. त्यांना रॅम्पचं कौतुक नाही. त्यांची तक्रार ऑफिसच्या भिंतीला डोक्याच्या उंचीवर लावलेल्या पत्र्याच्या फळ्यांची होती. दोनदा कपाळ फुटलं होतं. फळे एका दुपारीत वर सरकवले, खर्च चार खिळ्यांचा. ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्यासाठी पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग दिला. ऐकू न येणाऱ्या दोघांना दवंडी आणि स्पीकर दोन्हीचा उपयोग नव्हता, त्यांना आता ग्रामसभेची नोटीस व्हॉट्सॲपवर लिखित जाते. हे सगळं विचारल्यावर कळलं. मी पायाने अधू, मला डोळ्यांचं काय कळणार. अर्ज लिहायच्या आधी गावातल्या प्रत्येक प्रकारच्या अडचणीच्या घरी एकदा जाऊन या.

बाकीच्या इमारती वेगवेगळ्या दारच्या आहेत. शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती आणि जिल्हा परिषद, आरोग्य केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती, स्टँडसाठी एसटी महामंडळ, शहरात मुख्याधिकारी किंवा आयुक्त. शहरातल्यांची दुखणी वेगळी, फुटपाथवरचे खांब वगैरे. मुंबईत फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावले, त्यातून व्हीलचेअर जाईना. एका तरुणाने ई-मेल पाठवला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. म्हणून म्हणते, फोटो काढून ठेवा.

ऐकलंच नाही तर

आधी गटविकास अधिकाऱ्यांना, मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. प्रत्येक वेळी आधीच्या अर्जाची पोच जोडून. त्यानंतर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. त्यांना कागद आणि माणसं बोलावून घेण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्याचा दंड कलम ८९ मध्ये: पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. मी तिथपर्यंत गेले नाही. गटविकास अधिकाऱ्यांच्या पत्रावरच काम हललं. पण तक्रारीचा मसुदा तयार करून भाऊसाहेबांना एकदा वाचून दाखवला होता, तोही चहा पाजूनच.

काम झाल्यावरही महिन्यातून एकदा फेरी मारा. आमच्या रॅम्पवर पावसाळ्यात मोटारसायकली लागायच्या, कारण वर पत्र्याची सावली आहे. बोर्ड लावून उपयोग झाला नाही. शेवटी रॅम्पच्या तोंडाशी पांढऱ्या रंगाने मोठं व्हीलचेअरचं चित्र काढलं आणि शिपायाला सांगितलं, की गाडी लावणाऱ्याचं नाव पुढच्या ग्रामसभेत वाचायचं. एकदाच वाचावं लागलं. उपसरपंचांचं निघालं.

संडास चालू आहे, स्वच्छ आहे, दार बाहेर उघडतं. किल्ली मात्र शिपायाच्या घरी असते आणि शिपाई दुपारी जेवायला जातो. येत्या ग्रामसभेसाठी माझा अर्ज तेवढाच आहे, आवक नंबर पडलाय: दाराच्या शेजारी, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, एक खिळा.